पहिला पर्याय

बारावीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात मला एकच गोष्ट हवी होती. मला ड्रॉप घ्यायचा नव्हता. कुठलं कॉलेज, कुठली शाखा, याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. ड्रॉप म्हणजे वर्षभर कुठेच प्रवेश न घेता त्याच क्लासला, त्याच बाकावर बसून जेईई पुन्हा द्यायची. आमच्या क्लासमध्ये त्याला कुणी अपयश म्हणत नसे. सर त्याला 'इन्व्हेस्टमेंट इयर' म्हणायचे. पप्पांना तो शब्द आवडला होता.

हे मी घरी बोलले नव्हते. मी घरी फारसं काहीच बोलत नाही. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ आमच्याकडे 'हो' असा धरतात. तसा धरतात हे मला लहानपणापासून माहीत आहे आणि तरी मी गप्प बसते. त्यामुळे दोष सगळा त्यांनाच देता येत नाही.

सुरुवात आठवीत झाली. आमच्या नाशिकच्या इंग्रजी शाळेत कॉलेज रोडवरच्या एका क्लासची माणसं आली आणि त्यांनी गणिताची परीक्षा घेतली. गोल काळे करायचे होते. मी ते केले आणि विसरून गेले. आठवड्याने पप्पांना फोन आला. पप्पा सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. ते पहिली पाळी संपवून कंपनीच्या निळ्या शर्टातच मला घेऊन क्लासला गेले. सरांनी माझा पेपर त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "हिचं गणित वाया घालवू नका."

पप्पांनी घरी आल्यावर ते वाक्य मम्मीला तीन वेळा सांगितलं.

त्यानंतर मला दोन गणितं यायला लागली. एक शाळेचं आणि एक क्लासचं. क्लासमध्ये आम्ही आठवीत दहावीचं बीजगणित केलं, नववीत अकरावीची त्रिकोणमिती. शाळेत मॅडम फळ्यावर शांतपणे एकेक पायरी लिहायच्या आणि उत्तर दोन रेघांच्या मध्ये ठेवायच्या. क्लासमध्ये सर म्हणायचे, "पायऱ्या चढायला वेळ नाही. लिफ्टने जा." मी शाळेत लिफ्टने गेले की मॅडम गुण कापायच्या, आणि क्लासमध्ये पायऱ्या चढले की सर घड्याळ दाखवायचे. मी कुठे आहे ते बघून उत्तर लिहायला शिकले.

नववीत असताना एकदा मी हात वर केला. शून्याचं फॅक्टोरियल एक का असतं, असं विचारलं. मला खरंच कळत नव्हतं. काहीच नसलेल्या गोष्टीतून एक कसा निघतो, हे दोन दिवस माझ्या डोक्यात फिरत होतं.

"का ते बी.एस्सी.ला जाऊन विचार," सर म्हणाले. "आपल्याला आयआयटीला जायचंय."

वर्ग हसला. पुढचे काही महिने मागच्या बाकावरचा एक मुलगा मला त्याच नावाने हाक मारायचा. "ए बी.एस्सी., पेन दे ना." मी पेन द्यायचे. पुन्हा हात वर केला नाही.

क्लासचा खरा धडा सोमवारी असायचा. रविवारी परीक्षा व्हायची, आणि चुकलेल्या उत्तराला गुण वजा व्हायचे. सोमवारी सर पेपर वाटताना विचारायचे, "किती सांडले?" ज्याचे गुण वजा झाले असतील त्याने उभं राहून आकडा सांगायचा. "चार सांडले, सर." "सहा सांडले, सर." मग सर विचारायचे, "का सांडले?" आणि उत्तर ठरलेलं होतं: "खात्री नव्हती तरी हात लावला, सर." सगळ्यांनी ऐकायचं. काही मुलं ते हसत हसत म्हणायची. सगळ्यांसमोर उभं राहून बोलण्यापेक्षा प्रश्न कोरा सोडणं मला शंभर पटीने सोपं होतं. म्हणून ज्याची पूर्ण खात्री नाही त्याला मी हात लावणं बंद केलं. माझ्या पेपरवर लाल खूण दिसेनाशी झाली. वर्गात अर्ध्या खात्रीवर उडी मारणारी मुलं कधी माझ्या पुढे जायची, कधी धाडकन खाली यायची. मी जिथे होते तिथे राहायचे.

"हिच्याकडे बघा," सर म्हणायचे. "एक थेंब सांडत नाही."

मला त्याचं बरं वाटायचं. हे कबूल करायला हवं.

अकरावीला आम्ही इंटिग्रेटेडला गेलो. म्हणजे नाव एका ज्युनिअर कॉलेजच्या पटावर आणि आम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत क्लासमध्ये. आमची स्पेशल बॅच तिसऱ्या मजल्यावर बसायची. इमारतीला बाहेरून मागच्या वर्षीच्या यशस्वी मुलांच्या फोटोंचा अख्खा फ्लेक्स लावलेला होता आणि तो आमच्या खिडक्यांवरून गेला होता. खिडकी उघडली की फ्लेक्सची मागची पांढरट बाजू दिसायची. खालून बघितल्यावर मला कळलं की माझा बाक एका हसणाऱ्या मुलाच्या गालामागे येतो. रस्त्यावरचे हॉर्न ऐकू यायचे, रस्ता दिसायचा नाही. मोबाइल जिन्यापाशी पेटीत जमा करायचे. मधल्या सुट्टीत खाली जायची परवानगी खालच्या बॅचेसना होती, आम्हाला नव्हती. आम्ही स्पेशल होतो.

ड्रॉपवाले आमच्या समोरच्या खोलीत असायचे. तिथली एक ताई डबा खाताना वही बंद करत नसे. डाव्या हाताने पान धरायची, उजव्या हाताने घास. एकदा पाण्याच्या कूलरपाशी तिने मला विचारलं, "आज वार कुठला गं?" मी म्हटलं, गुरुवार. ती म्हणाली, "अजून गुरुवारच?" आणि बाटली भरून गेली. बाकी आमचं कधी बोलणं झालं नाही. पण ड्रॉप म्हटलं की मला ती दिसायची.

घरी पप्पांनी माझ्यासाठी केबिन करून घेतली होती. त्यांच्या ओळखीचा एक अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या करणारा आहे. त्याच्याकडून त्यांनी हॉलचा एक कोपरा बंद करून घेतला. अ‍ॅल्युमिनियमची चौकट, धुरकट काच, सरकतं दार. आत टेबल, खुर्ची, ट्यूबलाइट. टीव्हीचा आवाज येऊ नये म्हणून दाराला रबरी पट्टी लावली होती, आणि मग टीव्हीच बंद केला. चांदवडचे मामा पहिल्यांदा आले तेव्हा काचेवर टकटक करून म्हणाले, "दाजी, भाचीला शोकेसमधी ठेवली का काय? लय भारी हाय. तिकीट कितीचं?" पप्पा हसले. मीही आत हसले, पण धुरकट काचेतून ते कुणाला दिसलं नसेल.

जेईईत मला अ‍ॅडव्हान्सला, म्हणजे आयआयटीच्या पुढच्या परीक्षेला, बसण्याइतके गुण मिळाले. पुढे रँक आली नाही. सरांनी माझी उत्तरं संगणकावर काढून बघितली आणि कपाळाला हात लावला. "अगं, इतके कोरे? हे तर तुला येत होते." मी काय सांगणार? येत होते. खात्री नव्हती.

"एक वर्ष द्या," सर पप्पांना म्हणाले. "फक्त एक वर्ष. हिरा आहे."

मम्मीचा विरोध होता. तिला जेईईचं काही नव्हतं, तिला लोकांचं होतं. "बारावी झालेली मुलगी वर्षभर घरात काय करते, असं विचारल्यावर मी काय सांगू?"

"अभ्यास करते म्हणून सांग."

"अभ्यास संपला नाही का अजून? आठवीपासून चालूय."

शेवटी पप्पांनी तोडगा काढला. माझी राज्याची सीईटी बरी गेली होती. त्या गुणांवर इंजिनीअरिंगच्या प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म भरायचा होता, म्हणजे आपल्याला हवी ती कॉलेजं आवडीच्या क्रमाने लावायची. पप्पांनी सरांना विचारून बारा कॉलेजांची यादी कागदावर उतरवली. पहिली दोन पुण्याची, कॉम्प्युटरची. शेवटचं बारावं नाशिकच्याच बाहेरच्या बाजूचं, इलेक्ट्रिकल. सरांच्या भाषेत ते 'सेफ्टी' होतं.

"पहिल्या दोनपैकी एखादं लागलं तर तू पुण्याला जा," पप्पा जेवताना म्हणाले. "माझी ना नाही. दुसरं काही लागलं तर ड्रॉप. मान्य?"

मी ताटाकडे बघत राहिले. ते 'हो' धरलं गेलं.

फॉर्मची माहितीपुस्तिका घरात कुणीच वाचली नव्हती. मी वाचली, सगळी. त्यात एक नियम होता. पहिल्या फेरीत तुमचा पहिलाच पर्याय मिळाला तर जागा तिथेच पक्की होते. पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. हातात आलेली पक्की जागा पप्पा सोडून देणार नाहीत, हे मला माहीत होतं. मी तो नियम वाचला आणि पुस्तिका मिटून ठेवली. मग पुन्हा उघडली.

मागच्या वर्षी कुठलं कॉलेज किती गुणांवर बंद झालं, त्या याद्या मी काढल्या. पुण्याचं पहिलं माझ्या खूप वर होतं. पुण्याचं दुसरं थोडंसंच वर होतं, इतकं थोडं की यंदा ते लागेलही किंवा नाहीही. नाशिकचं बारावं माझ्या खूप खाली होतं. तिथे शंकाच नव्हती.

पुण्याच्या दुसऱ्या कॉलेजचं वसतिगृह मी नकाशावर शोधलं होतं, हेही लिहून टाकते. त्याच्या मागे टेकडी होती.

पण मला काय वाटतं याचा प्रश्न नव्हता. प्रश्न असा होता की चुकलं तर एक वर्ष जाईल. आणि असा प्रश्न समोर आला की काय करायचं ते मला पाच वर्षं दर सोमवारी शिकवलं होतं. खात्री नसेल तर हात लावायचा नाही.

फॉर्म आम्ही शनिवारी भरून ठेवला, पक्का करायचा बाकी ठेवला, कारण सरांना एकदा दाखवायचा होता. शेवटच्या दिवशी पप्पांची पहिली पाळी होती. मम्मी भाजीला गेली होती. सकाळी अकराच्या सुमारास पप्पांचा फोन आला.

"सर हो म्हणाले. कन्फर्म करून टाक. दुपारी साइट लटकते. ओटीपी माझ्या फोनवर येईल, मला फोन कर."

मी केबिनमध्ये बसून लॅपटॉप उघडला. बारावं कॉलेज वर न्यायला प्रत्येक वेळी एक बाण दाबावा लागत होता. अकरा वेळा दाबला. पुण्याची दोन्ही कॉलेजं एकेक जागा खाली सरकली. मी यादी वरून खाली वाचली, परीक्षेत शेवटच्या पाच मिनिटांत वाचावी तशी, आणि मग पप्पांना फोन केला.

मागे यंत्रांचा धाड-धाड आवाज होता. ते ओरडून बोलत होते.

"आला गं ओटीपी. नीट बघितलंस ना सगळं?"

"हो."

"क्रम बघितलास?"

"हो, पप्पा."

"मग घे." त्यांनी सहा आकडे सांगितले, एकेक सुटा, आणि मग पुन्हा एकदा सगळे मिळून, म्हणजे माझी चूक व्हायला नको.

मी त्यांच्याशी खोटं बोलले नव्हते. क्रम मी बघितला होता.

पहिली फेरी लागली त्या दिवशी पप्पांना रजा होती. पडद्यावर नाशिकच्या कॉलेजचं नाव आलं, खाली इलेक्ट्रिकल, आणि त्याखाली लिहिलं होतं की पहिला पर्याय मिळाल्यामुळे जागा पक्की झाली आहे. पप्पांनी चष्मा काढून पुसला.

"हे पहिलं कसं? हे तर बारावं होतं."

मी लॅपटॉप त्यांच्या बाजूला सरकवला.

"साइटची गडबड आहे," ते म्हणाले. "चल, प्रवेशाच्या केंद्रावर जाऊ."

जाताना मी गाडीवर मागे बसून मोबाइल बघितला. आमच्या बॅचच्या ग्रुपवर सगळे आपापली कॉलेजं टाकत होते. त्या वर्षी कॉम्प्युटरच्या जागा वाढल्या होत्या. माझ्याहून कमी गुण असलेल्या एका मुलीला पुण्याचं ते दुसरं कॉलेज लागलं होतं. तिने टेकडीचा फोटो टाकला होता. मी यादीला हात लावला नसता तर ते मला मिळालं असतं, आणि पप्पांच्या शब्दाप्रमाणे मी पुण्याला गेले असते. त्र्यंबक नाका येईपर्यंत मी हे तीन वेळा तपासून बघितलं. उत्तर तेच येत होतं.

केंद्रावर रांग होती. खिडकीतल्या मॅडमनी आमचं ऐकून प्रिंट काढली.

"पहिलाच पर्याय मिळालाय ना? मग तक्रार कसली?"

"मॅडम, आम्ही हा पहिला टाकलाच नव्हता."

"इथे टाकलाय. बघा, कन्फर्म कधी केला ते पण आहे." त्यांनी प्रिंट खिडकीतून सरकवली. "सव्वाअकरा. फॉर्म कोणी भरला?"

पप्पा वेळेकडे बघत होते. सव्वाअकराला आपण कुठे होतो, कुणाचा फोन आला होता, हे त्यांना आठवत असताना मी त्यांच्याकडे बघत होते. मला तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मागे रांगेतली माणसं ऐकत होती, सोमवारच्या वर्गासारखी.

"मी भरला," पप्पा म्हणाले.

"मग साहेब, तुम्हाला हवं तेच मिळालंय. पहिलं मिळालं नाही म्हणून लोक इथे रडतात. चला, नेक्स्ट."

बाहेर येऊन पप्पांनी गाडीच्या सीटवर प्रिंटची घडी घातली. मग ती उघडून पुन्हा नीट घातली.

"ड्रॉप इतका नको होता?"

"नको होता."

"मग सांगायचं की, बाळा."

मी मान हलवली. त्यांनी खिशातून मोबाइल काढून बघितला. मग म्हणाले, "पुणं लागलं असतं यंदा. सरांचा मेसेज आलाय."

"माहीत आहे."

"कधी कळलं?"

"आत्ता. येताना."

त्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं आणि मग नजर काढून घेतली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मला त्याची सवय आहे, राग संपेपर्यंत मी उभी राहू शकते. त्यांनी सरांना फोन लावला. "सर, चूक माझी आहे. घाईत क्रम उलटासुलटा पडला माझ्याकडून. नाही, तिचं काही नाही. नाही सर, ड्रॉप नको आता. मिळालंय ते घेतो." पलीकडून सर बराच वेळ बोलत होते. पप्पा उन्हात उभे राहून "हो सर, हो सर" म्हणत ऐकत होते. त्यांना कुणी असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

ड्रॉप टळला. मला जे हवं होतं ते मिळालं, आणि त्या दिवसापासून त्याबद्दल मला काही बोलता येत नाही, कारण बोलले तर पप्पा खोटे ठरतात. ते सगळ्यांना तेच सांगत राहिले. शेजाऱ्यांना, कंपनीत, मम्मीलासुद्धा. मम्मी आठ दिवस त्यांना बोलत होती. "इतकी वर्षं मशीनची सेटिंग करता आणि पोरीच्या फॉर्मचे नंबर लावता येईनात?" मी पोळ्या लाटत असायचे. पप्पा म्हणायचे, "झालं ना आता."

पुढच्या रविवारी मामा आले. ते मात्र खूश होते. "बरं केलं दाजी. कशाला पाहिजे पुणं-बिणं? पोरगी डोळ्यासमोर राहील. मी तर म्हणतो, चूक झाली ती चांगली झाली."

पप्पांनी पोह्यांची बशी हातात घेतली होती. मला नाशिकबाहेर शिकायला पाठवायची त्यांचीच इच्छा होती, आठवीपासून. "हो," ते म्हणाले. "डोळ्यासमोर राहील."

मी चहा आणायला आत गेले.

प्रवेश पक्का करायला आम्ही दोघं कॉलेजात गेलो. नवीन इमारत, आवारात अजून वाळूचे ढीग, लांबवर द्राक्षाच्या बागा. कार्यालयातल्या बाईंनी एक छापील कागद दिला. ही जागा मी स्वखुशीने स्वीकारत आहे, असं त्यावर होतं. खाली माझी सही, त्याखाली पालकांची. पप्पांनी कागद वाचला, पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली, मग त्यांनी केली, माझ्या सहीच्या बरोबर खाली, एका रेषेत.

"कुठून येणार?" बाईंनी विचारलं.

"सातपूर," पप्पा म्हणाले.

पप्पांनी भिंतीवरचा बसचा तक्ता बघितला आणि आमच्या कॉलनीचं नाव शोधलं. बस आमच्या गल्लीच्या तोंडाशीच थांबत होती. सकाळी साडेआठला न्यायची, संध्याकाळी साडेपाचला तिथेच आणून सोडायची. चार वर्षं तीच बस.

"बघ, किती सोयीचं," पप्पा म्हणाले. ते माझ्याकडे बघत होते, मला बरं वाटलं का ते शोधत.

"हो," मी म्हटलं. "खूपच सोयीचं आहे."